आबांच्या डोळ्यासाठी वावर विकायचं का?

भाऊ, मेसेज नीट वाचला. रावेरजवळ केळीचं दोन एकर, आबा ७२ वर्षांचे, डाव्या डोळ्याने दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, जळगावच्या डॉक्टरांनी वेट एएमडी (वयामुळे डोळ्याच्या पडद्यामागे नव्या रक्तवाहिन्या वाढून गळतात तो आजार) सांगून इंजेक्शनं लिहून दिली, एकाचे १८ हजार. तेवढ्यात कोणा पाहुण्याने मोठ्या शहरातलं 'स्टेम सेल (डोळ्यात मूळ पेशी टोचणं), एकदाच ६ लाख, नजर परत' हे डोक्यात घातलं. आता तुम्ही विचारताय की अर्धा एकर विकू की आईचं पोस्टातलं सिनियर सिटीझनचं १५ लाखांचं खातं मोडू.

दोन्ही नको.

स्टेम सेलवर रिसर्च चालू आहे, पण वेट एएमडीसाठी ती अजून मान्य ट्रीटमेंट नाही. अमेरिकेत एका क्लिनिकने पैसे घेऊन पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल तीन बायकांच्या डोळ्यांत टोचल्या, तिघींची नजर गेली, २०१७ ला मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय. २०२३ ला तिकडे दोन नवी औषधं आली तीही याच आजाराच्या ड्राय टाईपच्या (ज्यात रक्तवाहिन्या गळत नाहीत) पुढच्या स्टेजसाठी, आणि ती फक्त बिघाड हळू करतात, गेलेली नजर आणत नाहीत. आबांचा तो टाईपच नाही.

आबांना इंजेक्शनच, आणि हा खर्च एकरकमी नाहीये, वर्षानुवर्षं चालणारा आहे, सालदाराच्या पगारासारखा, त्यासाठी जमीन विकून काय होणार? सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन, मग डोळा बघून गॅप वाढवतात. समजा पहिल्या वर्षी आठ लागली तर १ लाख ४४ हजार. आईच्या खात्यावर ८.२ टक्क्यांनी तीन महिन्याला ३०,७५० येतात, म्हणजे वर्षाला १ लाख २३ हजार, आणि घरखर्च केळीवर भागतो असं तुम्हीच लिहिलंय. कमी पडतात ते २१ हजार. तेच खातं आत्ता मोडलं तर दीडच वर्ष झालंय म्हणून दीड टक्का कापतील, २२,५०० तिथेच गेले, आणि त्यातून थोडेच पैसे काढू म्हणाल तर तसं चालत नाही, अख्खं बंद करावं लागतं.

अजून एक, डॉक्टरांना बेव्हासिझुमॅबचं विचारा. मूळ कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी अधिकृत मंजुरी नाही, पण जगभर वापरतात, खूप स्वस्त पडतं आणि २०११ च्या मोठ्या ट्रायलमध्ये याच आजाराच्या महागड्या रॅनिबिझुमॅब इंजेक्शनच्या बरोबरीचं निघालं. फक्त एका बाटलीतून छोटे डोस भरतात, तिथे स्वच्छता पक्की हवी, ते कुठे भरतात हे बिनधास्त विचारा. रॅनिबिझुमॅबचंही आपल्याकडे बनलेलं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध) २०१५ पासून मिळतं.

आबा सत्तरीच्या वर आहेत तर आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरीवरच्यांसाठीचं सरकारी उपचाराचं कार्ड) काढून घ्या, हे इंजेक्शन पॅकेजात बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (या योजनेत मदत करणारा माणूस) विचारा. मेडिक्लेम असेल तर 'इंट्राव्हिट्रिअल इंजेक्शन' (म्हणजे डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन) किती रकमेपर्यंत कव्हर आहे ते बघा, बऱ्याच पॉलिसीत मर्यादा असते. मेडिक्लेम नसेल आणि तुम्ही जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर आबांच्या उपचारावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, पण रोख दिलेलं धरत नाहीत, यूपीआय करा.

पण हे कागद होईपर्यंत पहिलं इंजेक्शन थांबवू नका, उशीर झाला तर गेलेली नजर सहसा येत नाही. पहिल्या तीनचे ५४ हजार पीक कर्जात घुसवू नका, केळी कटाईचे येतील त्यातून बाजूला काढा, तोवर आईचं या तिमाहीचं व्याज वापरा.