द्राक्षमळ्यात मुक्कामाला जायचंय? आधी छाटणीचं विचारा

प्रश्न : आमच्या लग्नाला यंदा २५ वर्षं होतायत, मुलं म्हणतात कुठंतरी वेगळ्या ठिकाणी जाऊन या, नाशिककडं द्राक्षाच्या बागेतच राहायची सोय असते असं ऐकलंय. मे महिन्यात लग्नाचा वाढदिवस आहे, ह्यांना सुट्टी पण तेव्हाच मिळते, दोन रात्री राहावं म्हणतोय. पण सासूबाई म्हणतात वाइनच्या कारखान्यात जाऊन कसला वाढदिवस करताय, आणि खरं सांगायचं तर मी आजपर्यंत कधी चाखलेली पण नाही. जावं का? आणि कोल्हापूरहून जायचं कसं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. आणि जा, नक्की जा, फक्त मे मध्ये नको.

का ते सांगते. आपल्याकडं द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, म्हणजे वेल अगदी ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या जाड फांदीपर्यंत, खरडून काढतात, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्याच्यानंतर घड लागतात. मे मध्ये गेलात तर नुसत्या कोवळ्या फुटी दिसणार, एक घड दिसायचा नाही, वर नाशिकचं ऊन. फोटोत बघितलेली लटकलेल्या घडांची बाग म्हणजे जानेवारी ते मार्चमधली बाग. वाइनची पांढरी द्राक्षं साधारण आधी काढतात, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉं ब्लाँ वगैरे, आणि शिराज, कॅबर्नेसारखी काळी द्राक्षं फेब्रुवारी-मार्चपर्यंत वेलीवर असतात. त्यामुळं तारखेला घरी पुरणपोळी करा, सगळ्यांना जेवायला बोलवा, आणि दोघांचा मुक्काम जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत ठेवा. तेव्हा जाताना स्वेटर घ्या, नाशिक ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि तिकडची थंडी आपल्या कोल्हापूरपेक्षा चांगलीच बोचते. हीच थंड रात्र आणि उन्हाचा दिवस वाइनच्या द्राक्षाला मानवतो, आंबटपणा टिकतो आणि साखर पण भरते.

आता हे लिहायला हातात घेतलंच आहे तर माझं मत स्पष्ट सांगते, अशा ठिकाणी खोली, स्विमिंग पूल, झोपाळा हे सगळं बघायला छान असतं पण तेवढ्यासाठी नऊ तास गाडीत बसू नका, ते पन्हाळ्यावर पण मिळतं. तिथं बघायचं ते काम. तोडणी पहाटेच असते कारण द्राक्ष गार असतानाच आत गेलं पाहिजे, ऊन लागलेलं द्राक्ष क्रेटमध्येच बिघडायला लागतं. एक दिवस गजर लावून उठा, अंधारात बायका हेडलॅम्प लावून कात्रीनं घड काढत असतात, तोडणी चालू असेल तर सांगून बांधावर उभं राहता येतं. मग ती क्रेट आत जातात, देठ वेगळे होतात, पांढऱ्या वाइनला लगेच रस पिळून घेतात आणि लाल वाइनला रस सालीसकट ठेवतात, कारण लाल रंग सगळा सालीतून येतो, रस बहुतेक काळ्या द्राक्षाचा पण पांढुरकाच असतो. स्टीलच्या टाक्या बाहेरून गार ठेवलेल्या असतात, आत ते आंबत असतं. त्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या जो वास येतो ना, फळाचा आणि यीस्टचा मिसळलेला, तो एकदा तरी घ्यावाच. पुढं ओकच्या लाकडी पिंपांची खोली. हे सगळं बघायला चाखायची गरज नाही. टेस्टिंग सक्तीचं कुठंच नसतं, आणि बसलात तरी ग्लासात अगदी थोडी थोडी ओततात, घोट तोंडात फिरवून बाजूच्या भांड्यात थुंकून टाकला तरी कोणी काही म्हणत नाही, जाणकार तेच करतात. सासूबाईंना सांगा ही शेती आहे. तिकडं जाऊन आल्यावर फोटो दाखवताना आधी तोडणीचे दाखवा.

बुकिंगला फोन कराल तेव्हा रूमचा रेट शेवटी विचारा. आधी विचारा की त्या आठवड्यात तोडणी चालू असणार का, कुठल्या जातीची. बागेतून फिरवून आणायला कोण येतं, माहितगार माणूस की नुसता रिसेप्शनवरचा मुलगा. आणि त्या तारखेला तिथं लग्न आहे का हे पण विचारा, कारण आजकाल द्राक्षमळ्यातली लग्नं फार वाढलीत आणि शांतता म्हणून गेलात नि रात्रभर डीजे ऐकलात असं नको व्हायला. शनिवार-रविवार तर टाळाच, मुंबई-पुण्याची सगळी गर्दी तेव्हाच येते.

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा ह्या वायनरी, म्हणजे वाइन करायची ठिकाणं, सगळी जवळ जवळ आहेत, त्यामुळं एका ठिकाणी राहून बाकीची बघता येतात. सुला म्हणजे सगळ्यात मोठं नाव, राजीव सामंतांनी १९९० च्या दशकात तिथं वेली लावल्या आणि नाशिकचं वाइन पर्यटन खऱ्या अर्थानं तिथून सुरू झालं, पण माणसांची वर्दळ पण तिथंच जास्त. निवांतपणा हवा असेल तर इगतपुरी तालुक्यात कावनईच्या बाजूला व्हॅलोने ही वायनरी आहे, लहान आहे, मोजक्या खोल्या, समोर मुकणे धरणाचं पाणी. तुमच्या २५ वर्षांसाठी मला तेच जास्त शोभून दिसतंय.

कोल्हापूर ते नाशिक साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं, पुणे, मग चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. एका दमात नका जाऊ, पुण्यात रात्र काढा. रेल्वेनं जायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे पण ती नाशिकला जात नाही, मनमाडला उतरावं लागतं आणि ते पण अवेळी, मग पुढं टॅक्सी. आणि एवढा प्रवास झेपणारा नसेल तर आपल्यापासून साधारण निम्म्या अंतरावर, सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली ही वायनरी आहे, मिरज-पंढरपूर करून सकाळी निघालात तर जेवायला पोहोचता. तिथं पण राहायची सोय आहे पण थोडीच, आधी फोन करून ठरवल्याशिवाय निघू नका. डोंगर-धरण असलं काही नाही, माळरान आहे, पण इटलीतल्या माणसांनी आणि अकलूजकरांनी मिळून तिथं सांजोव्हेजे ही इटलीची काळी द्राक्षं लावून दाखवली हे मला फार मोलाचं वाटतं. कोल्हापुरातून तिकडं जाणारी माणसं फार कमी दिसतात, जायला पाहिजेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र नाशिकला चाललोय, एका दिवसात किती वायनरी होतात? येताना बाटल्या आणल्या तर चालतात का?
– कसबा बावडा

उत्तर : दोन. तिसरीत गेलात तर कशाची चव कशी होती हे सांगता येणार नाही. सगळ्यांची वयं २१ च्या वर पाहिजेत. आणि गाडी चालवणारा अजिबात घेणार नाही हे कोल्हापुरातून निघायच्या आधी ठरवा, तिथं गेल्यावर ठरत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पोलिसांचं राहू दे, सिन्नर-संगमनेर रस्त्यावर रात्रीचे ट्रक कसे असतात ते बघितलंय ना तुम्ही. सरळ लोकल टॅक्सी करा दिवसभरासाठी.

बाटल्या आणा, बिल जवळ ठेवा, परवान्याचं तिथल्या काउंटरवर विचारून घ्या. पण डिकीत टाकून उन्हात गाडी उभी करू नका, बंद गाडीत वाइन शिजल्यासारखी होते, वास उडतो. आइसबॉक्स न्या, किंवा सीटखाली सावलीत टॉवेलात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : नाशिकहून वाइन आणली आणि रविवारी तांबड्या रश्श्याबरोबर घेतली तर तोंड अक्षरशः पेटलं, वाइन पण कडू लागली. बाटली खराब होती का?
– मंगळवार पेठ

उत्तर : बाटली चांगली असणार, जोडी चुकली. तुम्ही बहुतेक लाल आणली, शिराज किंवा कॅबर्ने. लाल वाइनमध्ये टॅनिन असतं, सालीतून आणि बियांतून येतं, तेच तुरट लागतं, आणि तिखट खाल्लेल्या जिभेवर ते टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही आग वाढवतात. आपला कांदा-लसूण मसाला म्हणजे काही पाहुण्यांचं तिखट नव्हे. तांबड्याला किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या, चांगली गार करून, ८-१० डिग्रीला, म्हणजे फ्रिजमधून काढून थोड्या वेळानं. तो गोडवा तिखटाला धरून ठेवतो. पांढऱ्या रश्श्याला तर ती अजून छान, नारळाचं दूध, खसखस, तीळ ह्याच्याबरोबर आंबटसर गार वाइन मला स्वतःला फार आवडते. सुक्क्या मटणाला कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रोझे (गुलाबी वाइन) चालेल. लाल उघडायचीच असेल तर ज्या दिवशी तिखट नाही त्या दिवशी, भाजलेलं मटण, नुसतं मीठ-मिरपूड लावलेलं. आणि लाल पण खोलीच्या तापमानाला म्हणून आपल्या उन्हाळ्यात ३५ डिग्रीला पिऊ नका, दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ डिग्री बरोबर.

प्रश्न : माझं शिक्षण कोल्हापुरात चालू आहे, घरची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग, सोनाका आणि माणिक चमन, बेदाणा करतो. नाशिकला वायनरीत राहून आलो आणि डोक्यात आलं की आपल्या बागेत पण असं करता येईल. वडील म्हणतात खुळा झालास. आमच्या द्राक्षाची वाइन होते का?
– राहणार सध्या ताराबाई पार्क

उत्तर : भावा, तुझं पत्र वाचून मला लई बरं वाटलं. दोन गोष्टी वेगळ्या कर. वाइन करणं एक आणि बागेत पाहुणे ठेवणं दुसरं.

सोनाका-माणिक चमन खायला आणि बेदाण्याला आहेत, पातळ साल, बी नाही, मणी लांब. वाइनचं द्राक्ष बघितलंस ना तिथं, बारीक मणी, जाड साल, बी असलेलं, आणि साखर २२-२४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) जाऊ देतात, तरी आंबटपणा राहिला पाहिजे. एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवतात. म्हणजे वेगळी जात, वेगळी बाग, आणि लावायच्या आधी वायनरीबरोबर लेखी करार, कारण ते द्राक्ष बाजारात खायला कोणी घेत नाही, वायनरीनं नाही म्हटलं की ते कुठं नेणार. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिकला विंचूर आणि आपल्याकडं पलूसला, दोन्हीकडं वाइन पार्क झाले, पलूस तुझ्या घरापासून काही लांब नाही, तरी नाशिकसारखं आपल्याकडं वाढलं नाही. त्या काळात ज्यांनी वाइनची द्राक्षं लावून परत बागा काढल्या त्यांना जाऊन भेट, वडील कशाला घाबरतात ते त्यांच्याकडून कळेल.

पाहुणे ठेवायला मात्र वाइन लागतच नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलंय, किमान १ एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करता येते. दोन स्वच्छ खोल्या, स्वच्छ संडास-बाथरूम, घरचं जेवण, एवढ्यानं सुरुवात होते. आणि तुमच्याकडं दाखवायला बेदाण्याचं शेड आहे! द्राक्ष लवकर सुकावं म्हणून डिपिंग ऑइलमध्ये बुडवणं, मग जाळीवर पसरणं, पंधरा-वीस दिवसांत हिरव्याचा सोनेरी होणं, प्रतवारी, तासगावचा सौदा, पुण्या-मुंबईच्या माणसानं हे कधीच बघितलेलं नसतं. एक काळजी घे, फवारणी झालेल्या ओळीत पाहुण्यांना सोडायचं नाही. दावण्या-भुरी ह्या रोगांचं औषध मारल्यावर तोडणीपर्यंत जे दिवस पाळायचे असतात ते तुला माहीत आहेत, पाहुण्याला माहीत नसतात, त्याचा हात सरळ घडाला जातो. खायची द्राक्षं वेगळ्या टोपलीत धुवून ठेवा.

वडिलांना एकदा नाशिकला घेऊन जा, स्वतः सांगत बसू नकोस, तिथल्या एखाद्या बागायतदाराशी त्यांची गाठ घालून दे, छाटणी, पाणी, मजूर ह्याच्यावर दोघं बोलू देत, आणि परत आल्यावर पहिल्या हंगामात फक्त ओळखीची चार माणसं बोलवा.