पावसाळ्यानंतर सातेरी मधमाश्यांची कमजोर वसाहत कशी सावरावी?

आपल्याकडे सातेरीच्या आठ चौकटींच्या दोन पेट्या आहेत. त्यांतली एक जोमात आहे, तर दुसरीत पावसाळा ओसरताना जेमतेम तीन चौकटींवर माश्या उरल्या आहेत आणि सकाळ-संध्याकाळ साखरेचा पाक देऊनही त्या वाढत नाहीत, असे आपण लिहिले आहे. मीही सातेरीच पाळतो. माझ्या मते आधी पाक कमी करावा आणि त्याच दिवशी पेटीतली जागाही कमी करावी.

पिलाव्याला, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोश यांना, सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब सतत लागते आणि ती कामकरी माश्यांच्या अंगातूनच मिळते. त्यामुळे राणी कितीही चांगली असली, तरी माश्या जेवढे पोळे झाकू शकतात तेवढ्याच भागात पिलावा वाढतो. उरलेली पोळी उघडी पडतात आणि त्यांत मेणपतंगाच्या अळ्या शिरतात. पोळ्यात जाळी धरू लागली की सातेरी फार काळ तग धरत नाही. एके दिवशी सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. म्हणून माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकलेल्या तीन चौकटीच ठेवाव्यात, त्यांना लागून आडवी फळी लावून बाकीची जागा बंद करावी आणि प्रवेशद्वार एका वेळी दोन-तीन माश्या जातील इतकेच उघडे ठेवावे. काढलेल्या पोळ्यांपैकी काळी पडलेली वितळवावीत. तळपाटावर साचलेला मेणाचा चुराही खरवडून काढावा, कारण मेणपतंगाच्या अळ्या त्यातही वाढतात.

हे करतानाच राणीची खात्री करून घ्यावी. राणी प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असे नाही. पोळ्याच्या प्रत्येक घरात तळाशी एकेकच अंडे उभे दिसले, तर ती कामावर आहे असे समजावे. मात्र एकाच घरात अनेक अंडी वेडीवाकडी चिकटलेली आणि कामकऱ्यांच्या घरांत नरांची फुगीर टोपणे दिसली, तर राणी केव्हाच गेली असून कामकरी माश्याच अंडी घालत आहेत. अशा वसाहतीवर पाक आणि पिलावा खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता पाकाविषयी. दिवसातून दोनदा पाक मिळाला की माश्या तो रिकाम्या घरांत भरून ठेवतात, आणि लहान वसाहतीत नेमकी तीच घरे राणीला अंडी घालायला हवी असतात. शिवाय दिवसा दिलेल्या पाकाच्या वासाने शेजारच्या जोमदार पेटीतल्या माश्या लुटीला येतात. साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक एक दिवसाआड, सूर्यास्तानंतर, पेटीच्या आतच ठेवावा. सकाळपर्यंत संपेल एवढाच द्यावा आणि माश्या बुडू नयेत म्हणून वाटीत वाळक्या काड्या टाकाव्यात. गुळाचा पाक देऊ नये, त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही देऊ नये, त्यातून रोग येऊ शकतो. पाकाने ऊर्जा मिळते, पण अळ्यांचे पोषण परागकणांवर होते. दारातून माश्या पायांवर परागाचे गोळे घेऊन येत आहेत का, हे सकाळी पाहावे. आपल्या भागात तेरडा आणि सोनकी फुलली असतील, कारळ्याची शेते जवळ असतील, तर वेगळे काही द्यायला नको.

खरी भर पडते ती जोमदार पेटीतल्या पिलाव्याने. तिथली बंद पिलाव्याची, म्हणजे मेणाच्या टोपणांनी झाकलेल्या कोशांची, एक चौकट निवडावी. काही टोपणांच्या कडा आतून कुरतडलेल्या दिसल्या तर उत्तम, कारण त्या माश्या एक-दोन दिवसांत बाहेर येतील. उघड्या अळ्यांची चौकट देऊ नये, कारण त्यांना भरवायला या पेटीत पुरेशा दाई माश्या नाहीत. चौकटीवर राणी नाही हे दोनदा तपासून माश्या मूळ पेटीतच झटकाव्यात आणि चौकट पिलाव्याच्या लगत लावावी. एका वेळी एकच चौकट द्यावी, आणि नव्या माश्यांनी ती झाकल्यावरच दुसरीचा विचार करावा. मदतीच्या भरात जोमदार पेटीही खचवू नये, ही काळजी मला अधिक वाटते.

अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला सुमारे 20 दिवस लागतात आणि ती चाऱ्याला जाऊ लागेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे जातात. तेव्हा आज घातलेल्या अंड्याचा उपयोग दीड महिन्याने दिसेल. तोवर पेटी रोज उघडू नये. आठवड्यातून एकदा, उन्हाच्या वेळी, थोडक्यात पाहणी पुरे.

महिनाभरात वाढ दिसली नाही, तर दोन्ही वसाहती एकत्र कराव्यात. त्यासाठी कमजोर पेटी रोज संध्याकाळी फूट-दोन फूट सरकवत जोमदार पेटीजवळ आणावी, कमजोर पेटीतली राणी काढावी, आणि अंधार पडल्यावर जोमदार पेटीच्या कोठीवर, म्हणजे पिलाव्याच्या चौकटी असलेल्या कप्प्यावर, बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद अंथरून त्यावर दुसरी कोठी ठेवावी. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोन्हींचा वास एक झालेला असतो. तीन-चार दिवसांनी कागदाचे तुकडे काढून भरलेल्या चौकटी खालच्या कोठीत लावून घ्याव्यात.