गोठवलेले भ्रूण आणि घटनादुरुस्तीची धास्ती

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलमध्ये राहणारे मेघा आणि निखिल (नावं बदलली आहेत) समुपदेशनाला आले. मुलगी आयव्हीएफनं, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा करण्याच्या उपचारानं झालेली. उरलेले ४ भ्रूण क्लिनिकमध्ये, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. घटनादुरुस्ती करून जन्माआधीच भ्रूणाला कायद्यानं व्यक्ती ठरवणार, मग ते टाकून देणारे आईबाप गुन्हेगार, असा मेसेज वाचल्यापासून मेघाची झोप उडाली होती. साताऱ्याहून सासूबाईंचा धोशा, “ते सगळं इकडे घेऊन या.”

इथं नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून भागत नाही. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२४ ला गोठवलेल्या भ्रूणांना अल्पवयीन मुलाच्या मृत्यूबद्दल दाद मागण्याच्या १८७२ च्या कायद्याखाली ‘मूल’ मानलं, आणि काही क्लिनिकांनी उपचारच थांबवले. निकालाला आधार होता तो न जन्मलेल्या बाळाचे हक्क मानणाऱ्या २०१८ च्या घटनादुरुस्तीचाही. ६ मार्चला आलेल्या कायद्यानं मात्र उपचार देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांनाही भ्रूणाच्या नुकसानीबद्दल खटल्यापासून संरक्षण दिलं. मेघाला हेच कुणी सांगितलं नव्हतं.

उरते ती भीती अशी, की साधा कायदा राज्यघटनेपुढे टिकत नाही. पण घटनादुरुस्तीला तिथं दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं आणि मग जनमताचा कौल लागतो. एका रात्रीत काही होत नाही. शिवाय मिसिसिपीनं २०११ मध्ये आणि कोलोरॅडोनं तीनदा असे प्रस्ताव मतपेटीतच नाकारले. व्हिसावरच्या या दोघांना मतच नाही, आणि खरी घालमेल बहुधा त्याचीच होती.

मग कागद काढले. क्लिनिकच्या संमतीपत्रात घटस्फोट, मृत्यू, साठवणुकीचं थकलेलं भाडं या प्रत्येकापुढे भ्रूणांचं काय करायचं ते निवडलेलं असतं. निखिलनं न वाचताच सही केली होती. बरेच नवरे तेच करतात. दोघांच्या सहीनं ते बदलता येतं का, हे क्लिनिकला लेखी विचारायचं ठरलं. दुसऱ्या राज्यात हलवायचे तर दोघांची संमती, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट, भ्रूण कोणत्या दिवशी आणि कोणत्या पद्धतीनं गोठवले याची नोंद लागते. ड्राय शिपर (भ्रूण नेण्याचा अतिथंड डबा) आडवा पडला किंवा प्रवास लांबला, तर थंडावा लवकर संपतो; म्हणून तापमानाची नोंद मागून घ्यायची. भारतात आणायला २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार राष्ट्रीय मंडळाची परवानगी हवी, आणि साठवणुकीची मुदत १० वर्षं. हे ऐकल्यावर साताऱ्याचा बेत मागे पडला.

शेवटी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला दिलं: कायदा कधीच बदलणार नसता, तर या चार भ्रूणांचं काय केलं असतं? मेघानं लिहिलं, “एक प्रयत्न, बाकीचे संशोधनाला.” निखिलचा कागद कोरा. त्याला दुसरं मूल नको होतं आणि ते बायकोला सांगायचं धाडस होत नव्हतं. पुढची दोन सत्रं त्यावरच गेली. वकिलाची भेट त्यानंतर ठेवली.