दीड मिनिटाची फ्लाइट आणि एसटीचा टप्पा

प्रश्न : नमस्कार. नातवाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, स्कॉटलंडमध्ये एक विमान उडतं आणि दीड मिनिटात उतरतं. मी 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, एवढ्या वेळात माझी चार तिकिटं फाडून व्हायची नाहीत. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर परवडतं कसं?
(एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : काका, व्हिडिओ खरा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत, त्यातल्या वेस्ट्रे बेटावरून पापा वेस्ट्रेला लोगनएअर कंपनीचं विमान जातं, अंतर साधारण 2.7 किलोमीटर. म्हणजे तुमच्या एसटीचा 6 किलोमीटरचा एक टप्पासुद्धा भरत नाही! वेळापत्रकात 2 मिनिटं लिहिलेली असतात, वारा चांगला असला तर दीडमध्येच काम होतं, आणि रेकॉर्ड आहे 53 सेकंदांचं. जगातली सगळ्यात छोटी नियमित फ्लाइट हीच.

पण व्हिडिओवाले एक गोष्ट सांगत नाहीत. हा स्वतंत्र रूट नाहीच. विमान निघतं ऑर्कनीच्या मुख्य गावातून, कर्कवॉलहून, वेस्ट्रेला थांबतं, मग पापा वेस्ट्रे, मग परत कर्कवॉल. मधला एक स्टॉप जगप्रसिद्ध झाला एवढंच, आणि हे तुमच्याइतकं कोणाला कळणार, कारण वस्तीची गाडी अशीच वाड्या घेत घेत जाते. पापा वेस्ट्रेवर जेमतेम शंभरेक माणसं राहतात. विमानात कोण बसतं, तर फिरतीवरचे शिक्षक, दवाखान्यात जाणारे पेशंट आणि हौस म्हणून आलेले टुरिस्ट. विमानाचं नाव आयलंडर, दोन पंख्यांचं, पायलट एकटाच, एक पॅसेंजर चक्क त्याच्या शेजारच्या सीटवर बसतो. छोट्या धावपट्टीवर चालतं आणि चाकं आत घ्यायची भानगड नाही, म्हणून 1967 पासून याच जातीची विमानं तिथे चाललीत.

आता परवडण्याचं. नाही परवडत, सरळ हिशोब आहे. भारमान (किती सीट भरतात ते) बघून कोणी हा रूट चालवणार नाही. म्हणून ऑर्कनीची कौन्सिल टेंडर काढते, रोज किती फेऱ्या आणि भाडं किती हे ठरवते आणि तुटीचे पैसे कंपनीला देते. आपल्याकडे लहान गावांना विमानाने जोडणारी सरकारची उडान योजना आहे तिचं तत्त्व पण हेच, 27 एप्रिल 2017 ला शिमला-दिल्ली विमानाने सुरू झाली, तेव्हा तासाभराच्या प्रवासाला 2500 रुपयांची मर्यादा, ती निम्म्या सीट्सना, आणि बदल्यात कंपनीला तुटीची भरपाई, पण फक्त तीन वर्षं. मला विचाराल तर तीन वर्षं कमी आहेत. गावाला विमानाची सवय लागेपर्यंत मदत संपते आणि रूट बंद पडतो. ऑर्कनीत मुदत संपली की परत टेंडर निघतं, कारण तिथे रस्ताच नाही.

प्रश्न : ही लोगनएअर सरकारी कंपनी आहे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, एका बांधकाम कॉन्ट्रॅक्टरने काढलेली. विली लोगन त्याचं नाव. त्याच्या कंपनीला डंडी शहराजवळ टे नदीवरच्या रस्त्याच्या पुलाचं काम मिळालं, एडिनबर्ग-डंडी ये-जा वाढली, म्हणून 1 फेब्रुवारी 1962 ला एका पायपर अझ्टेक विमानावर एअर टॅक्सी सुरू केली. तो स्वतः 1966 मध्ये विमान अपघातात गेला, आणि पूल सुरू झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पुढे कंपनी एका बँकेकडे गेली, नंतरही मालक बदलत गेले. 1994 पासून विमानांवर ब्रिटिश एअरवेजचा रंग, 2008 पासून फ्लायबी या दुसऱ्या विमान कंपनीचा, आणि 2017 मध्ये कुठे स्वतःचं नाव परत लावलं. गंमत बघा, ज्या फ्लायबीची पाटी इतकी वर्षं वागवली ती मार्च 2020 मध्ये बुडाली आणि तिचे बरेच रूट लोगनएअरनेच उचलले. भाड्याने राहिलेला पुरून उरला.

प्रश्न : समुद्राच्या वाळूवर विमान उतरतं असं ऐकलं. आमच्याकडे पण एवढी पुळण आहे, मग विमानतळ बांधायला चिपीच्या माळावर कशाला गेले?
(एक वाचक, मालवण)

उत्तर : दादा, चिपीचं मी काही बोलत नाही :) पण हो, स्कॉटलंडमधल्याच बारा नावाच्या बेटावर (आकडा नाही, नावच बारा आहे) ग्लासगोहून लोगनएअरचं 19 सीटचं ट्विन ऑटर येतं आणि सरळ पुळणीवर उतरतं. तीन धावपट्ट्या, टोकाला लाकडी खांब, बस. भरती आली की तिन्ही पाण्याखाली. त्यामुळे टायमिंग ठरतं ओहोटीवर आणि रोज पुढेमागे होतं, ते मालवणच्या माणसाला मी काय समजावू, उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. वाळू ओली आणि दाबून बसलेली असते म्हणून चाक रुतत नाही, पण खाऱ्या पाण्यामुळे विमान सारखं धुवावं लागतं, नाहीतर गंज. फ्लाइट दिवसाउजेडीच येतात कारण दिवे लावणार कुठे, रात्री कधी पेशंटला न्यायची वेळ आली तर गाड्यांचे हेडलाइट लावून उतरवलेलं आहे.

आणि त्याच वाळूत लोक शिंपल्या पण वेचतात. नियम एकच, वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर चढलेली दिसली की बाजूला व्हायचं, विमान येतंय.