दुर्बिणीची तपासणी आणि गुंगीचे औषध

प्रश्न : माझ्या ७१ वर्षांच्या आईला गॅस्ट्रोस्कोपी (जठराची दुर्बिणीने तपासणी) व कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची तशीच तपासणी) एकाच दिवशी करून घेण्यास सांगितले आहे. एका रुग्णालयात मिडॅझोलाम देतात. दुसरीकडे भूलतज्ज्ञ बोलावून प्रोपोफॉल देतात आणि त्याचा खर्च वेगळा पडतो. आई रात्री फार घोरते. तिच्यासाठी कोणते औषध सुरक्षित? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आईच्या घोरण्याचा आहे आणि तो दोन्ही ठिकाणी डॉक्टरांना आवर्जून सांगावा. ही दोन्ही औषधे श्वास मंदावतात. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, त्यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

मिडॅझोलामचा परिणाम शिरेतून दिल्यावर एक-दोन मिनिटांत सुरू होतो, रुग्ण हाकेला ओ देण्याइतपत जागा राहतो आणि तपासणीची आठवण बहुधा उरत नाही. उतारवयात ते शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून मात्रा एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी ठेवून सुरुवात करतात व पुढची मात्रा थांबून, परिणाम पाहूनच देतात. त्यावर फ्लुमॅझेनिल हा उतारा आहे. मात्र उताऱ्याचा असर आधी ओसरतो आणि गुंगी पुन्हा चढू शकते, त्यामुळे तो दिल्यानंतरही रुग्णाला लगेच घरी सोडत नाहीत. कोलोनोस्कोपीत वेदना कमी करण्यासाठी अनेकदा फेंटॅनिलची जोड देतात. या दोहोंमुळे श्वास एकट्या औषधापेक्षा अधिक मंदावतो.

प्रोपोफॉलने अर्ध्या ते एका मिनिटात झोप लागते आणि औषध थांबवल्यावर काही मिनिटांत रुग्ण बऱ्यापैकी शुद्धीवर येतो. त्याला उतारा नाही, रक्तदाब खाली येऊ शकतो आणि हलकी गुंगी व पूर्ण भूल यांत अंतर फार थोडे असते. ते देणारी व्यक्ती श्वासमार्ग सांभाळण्यात तरबेज असावी आणि तिने त्या वेळी दुसरे कोणतेही काम करू नये, असा आग्रह म्हणूनच धरला जातो.

केवळ गॅस्ट्रोस्कोपी असती, तर घशात बधिरतेचा फवारा आणि अल्प मिडॅझोलाम पुरेसे झाले असते, प्रसंगी नुसता फवाराही. दोन्ही तपासण्या एकत्र, वय ७१ आणि जोरात घोरणे, असे असताना भूलतज्ज्ञावरचा खर्च मला वाजवी वाटतो, आणि तो केवळ प्रोपोफॉलसाठी नव्हे, तर श्वासावर सतत लक्ष ठेवणाऱ्या तज्ज्ञासाठी. तपासणीच्या वेळी कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) लावणार का, हेही विचारून घ्या. प्राणवायू चालू असताना बोटावरचा ऑक्सिमीटर श्वास थांबल्याची सूचना उशिरा देतो, तर कॅप्नोग्राफवर ते जवळजवळ लगेच दिसते.

तपासणीनंतर डॉक्टर जे सांगतील ते आईच्या लक्षात राहीलच असे नाही, तेव्हा आपण जवळ थांबून ऐकावे. आधीचे सहा तास जेवण नको. पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते रुग्णालयाला विचारावे, परंतु सकाळचा दुधाचा चहा पाण्यात धरला जात नाही.