पिकअप चालू होते, दोन मिनिटांत बंद पडते आणि मग कितीही सेल्फ मारला तरी उठत नाही. पंप बदलावा का?

पंप इतक्यात उतरवू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की पहाटे चारला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात भाजी पोचवायला निघता, गाडी पहिल्या सेल्फला उठते, गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि तिथंच तटते. बॅटरी नवी घालून झाली, आता मिस्त्री म्हणतोय हाय प्रेशर पंप (इंजिनजवळचा, डिझेलला दाब देणारा) गेला. पण पंप किंवा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) झिजले असले तर त्रास बहुतेक वेळा गाडी तापल्यावर सुरू होतो. तुमची गाडी तर थंडच बंद पडते. सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरीचाही प्रश्न नव्हता. मला हे एअर धरल्याचं, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरल्याचं लक्षण वाटतं.

मी आधी पाच वर्षं शिवाजी उद्यमनगरात डिझेल फिटरच्या हाताखाली होतो. आता चौदा वर्षं स्वतःची पिकअप आहे, गुऱ्हाळावरून गूळ भरतो. अगदी हीच तक्रार माझ्या गाडीला दोन पावसाळ्यांपूर्वी आली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

टाकीत वेगळा इलेक्ट्रिक पंप नसेल तर टाकीपासून पंपापर्यंतचं डिझेल ओढून आणलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे त्या नळीला बारीक चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही, आणि मिस्त्री म्हणतो लीकेज नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. फिल्टरमध्ये मात्र डिझेल शिल्लक असतं. सकाळी गाडी उठते ती त्या शिलकीवर. ते संपलं की मागची हवा पंपात येते आणि इंजिन बंद. परत सेल्फ मारला तरी रेलमध्ये (पंपातून इंजेक्टरांना डिझेल वाटणाऱ्या जाड नळीत) प्रेशर तयार होत नाही, आणि ठराविक प्रेशर झाल्याशिवाय, बहुतेक गाड्यांत साधारण २०० बार, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही.

उद्या गाडी बंद पडली की सेल्फ मारत बसू नका. बॉनेट उघडा आणि डिझेल फिल्टरजवळचा हँड प्रायमर (हातानं दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबून बघा. तो मऊ, रिकामा लागला तर कडक होईपर्यंत दाबत राहा, मग सेल्फ मारा. गाडी उठली की समजा डिझेल तुटतंय, म्हणजे पंपापर्यंत सलग पोचत नाही. प्रायमर आधीच कडक असेल आणि तरीही गाडी उठत नसेल, तर दोष वायरिंगकडे किंवा रेलकडे आहे. (काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद मागून घूं असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले.)

डिझेल तुटतंय असं दिसलं तर कॅन लावून बघा. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी काढून तिथं दुसरी नळी लावा आणि तिचं टोक कॅनच्या तळाशी सोडा. प्रायमरनं एअर काढा आणि गाडी चालू करा. इंजिनकडून परत येणारं, म्हणजे रिटर्नचं डिझेल टाकीत जात राहील, त्यामुळे कॅन लवकर उतरेल, लक्ष ठेवा. पंधरा मिनिटं गाडी चालली तर इंजिन, पंप, इंजेक्टर सगळं ठीक आहे आणि दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे. कॅनवरही बंद पडली तर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक नळी घाला. बुडबुड्यांची रांग दिसली तर हवा फिल्टरच्या ओ-रिंगमधून (रबरी कडीतून) किंवा जॉइंटमधून येतेय.

माझ्या गाडीचा दोष सापडायला चार दिवस गेले. मलाही एका ठिकाणी पंप बदला म्हणूनच सांगितलं होतं. शेवटी मी गाडीखाली झोपून टाकीपासून नळीवर बोट फिरवत आलो. ओलं कुठंच लागलं नाही. चासीच्या आडव्या पट्टीजवळ मात्र एका जागी बोटभर लांबीची काळी धूळ चिकटून बसली होती, बाकी नळी स्वच्छ. धूळ पुसून नळी वाकवली तेव्हा केसाएवढी चीर उघडली. क्लिप निसटून नळी पट्टीला घासत होती. तीन फूट नवी नळी आणि दोन क्लिपा एवढ्यावर काम भागलं. उसाच्या पट्ट्यात गाडी उभी असते त्यांनी उंदरांच्या दातांच्या खुणाही बघाव्यात.

फिल्टर कधी बदलला ते तुम्ही लिहिलेलं नाही. खालचा ड्रेन सोडून काचेच्या बाटलीत डिझेल धरा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळं दिसेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या गाड्यांच्या टाकीतून आम्ही कितीतरी पाणी काढलं. अशा गाडीचा नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. गाडी बंद पडताच टाकीचं झाकणही एकदा उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर टाकीचा व्हेंट (हवा आत यायचं भोक) तुंबलाय.

वायरिंगचं थोडक्यात. चालू होऊन एक-दोन सेकंदांतच बंद पडत असेल आणि मीटरमध्ये चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा), दुसऱ्या चावीनं बघा. सेल्फ फिरतोय पण आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा). जुन्या मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर चावी फिरवताना पंपावरच्या सोलेनॉइडचा (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेचा) टक् आवाज ऐका.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर जळेल. आणि कळकळीनं सांगतो, कॉमन रेल गाडीत (वर सांगितलेली रेल असलेल्या) एअर काढण्यासाठी इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारू नका. जुन्या गाड्यांत आम्ही तसं करायचो, पण इथं डिझेलची धार कातडीच्या आत घुसते आणि हात गमवायची वेळ येते.

कॅनवर गाडी उठली नाही, बुडबुडेही दिसले नाहीत आणि वायरिंगही ठीक निघालं, तरच मिस्त्रीकडे जा. तिथंही आधी स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेल प्रेशर किती येतं ते स्वतः बघा. कमी असेल तर इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावायला सांगा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल जमलं तर प्रेशर त्या इंजेक्टरमधून निसटतंय, पंपाला हात लावू देऊ नका.