स्लर म्हणजे मींड नव्हे, कमान!

प्रश्न असा : पियानोच्या नोटेशनमधल्या ‘स्लर’ला (सुरांवर काढलेली वाकडी रेघ, म्हणजे ते जोडून वाजवा) मराठीत मींड म्हणावं का, आणि मोझार्टच्या एकाच सोनाटाच्या (अनेक भागांच्या वाद्यरचनेच्या) जुन्या नि नव्या प्रतींत हे स्लर वेगळे का?

मींड अजिबात म्हणू नका. हे इतक्यांदा कानावर येतं की संताप होतो. मींडेत दोन स्वरांमधली वाट ऐकू येते; पियानोत हातोडी तारेवर पडली की स्वराची उंची ठरली, मधे वाटच नाही. (एकाच स्वराच्या दोन नोटांना जोडणारी रेघ ‘टाय’, तिचा इथे संबंध नाही.)

जर्मनमध्ये या खुणेला ‘बोगन’ म्हणतात. धनुष्यही बोगन, इमारतीची कमानही बोगन आणि व्हायोलिनचा गजही बोगनच! आपली फारसीतून आलेली ‘कमान’ अगदी तशीच : तीरकमानीत तीच, वेशीवर तीच, आणि गजाने वाजणाऱ्या इराणी कमांचाच्या नावातही तीच. इतका नेमका शब्द घरात असताना मींड कशाला?

मोझार्टची कमान म्हणजे मुळात गजाची एक ओढ, असं माझं ठाम मत आहे. बापाने, लिओपोल्डने, 1756च्या व्हायोलिनच्या पुस्तकात सांगूनच ठेवलंय : कमानीतला पहिला स्वर किंचित जोरकस, बाकीचे त्याला हळुवार जोडलेले. म्हणून तर मोझार्टच्या कमानी आखूड असतात आणि बहुधा बारच्या (तालाचे ठरावीक भाग पाडणाऱ्या) उभ्या रेघेशी थांबतात. बेथोवनच्या ओपस 31 क्रमांक 2 या पियानो सोनाटामधल्या अलेग्रोतल्या (जलद भागातल्या) दोन-दोन सुरांच्या कमानी बघा : पहिल्यावर हाताचं वजन, दुसरा हलका, मग हात उचलायचा. त्यांवर एक लांब कमान टाकली की तो उसासाच मेला.

जर्मन संगीतशास्त्री हूगो रीमानने 1880च्या दशकात नेमकं असंच केलं. सुरांचं वाक्य कुठे संपतं हे दाखवायला त्याने स्वतःच्या कमानी बारपलीकडे ताणल्या. त्याचं व्याकरण कितीही पक्कं असो, ते मोझार्टच्या खुणा बदलून छापायचं कारण नव्हतं. संगीतशास्त्री हाइनरिख शेंकरने 1925 साली या वाक्य-कमानींवर तोफ डागली, ती योग्यच.

अर्थात हस्तलिखितंही कोडी घालतात. ओळीच्या शेवटी कमान पुढे जाणारी दिसते, पण पुढच्या ओळीच्या आरंभी तिचा पत्ता नसतो. मग संपादक तोच मजकूर पुन्हा येतो ती जागा आणि पहिली छापील आवृत्ती ताडून बघतो. चांगल्या आवृत्तीत त्याने घातलेली कमान तुटक रेषेने किंवा कंसात छापतात. जुन्या शिकवणीच्या प्रतीत सगळ्या कमानी एकसारख्या सलग असतात. त्यातली मोझार्टची कुठली, हे नुसतं बघून कळत नाही.